गर्भवती, टेनोफोविर आणि मूत्रपिंड : एचआयव्ही-प्रतिबंधक उपचारांच्या इतिहासातील एक उशिरा उपस्थित झालेला प्रश्न

प्रस्तावना

एचआयव्हीची बाधा झालेल्या गर्भवतीपासून तिच्या बाळास होणारा संसर्ग औषधाने रोखता येतो, हे १९९४ मध्ये प्रथम सिद्ध झाले. तेव्हापासूनच्या तीन दशकांचा इतिहास बहुधा बाळाच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणत्या औषधाने संसर्गाचे प्रमाण किती टक्क्यांनी घटले, कोणत्या देशाने ते केव्हा स्वीकारले, असे त्या लेखनाचे स्वरूप असते. ते गैर म्हणता येणार नाही. कोणताही उपाय केला नाही तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते आणि आज ते योग्य उपचाराने १ टक्क्याच्या आसपास आणता येते. वैद्यकाच्या अलीकडील इतिहासात इतके स्पष्ट यश फार थोड्या ठिकाणी आढळते.

तथापि ज्या शरीरातून हे औषध बाळापर्यंत पोहोचते त्या शरीराचाही एक इतिहास आहे. प्रस्तुत लेखात तो मूत्रपिंडापुरता पाहावयाचा आहे. प्रतिविषाणू औषधांमुळे गर्भवतीच्या मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, हा प्रश्न पहिली पंधरा वर्षे जवळजवळ विचारलाच गेला नाही. पुढे तो विचारणे भाग पडले, तेव्हा त्याचे उत्तर ज्या आकड्यावरून काढावयाचे तो आकडाच गर्भवतीसाठी तयार झालेला नव्हता. या दोन्ही गोष्टींमागे निश्चित ऐतिहासिक कारणे आहेत.

बाळापुरते औषध

अमेरिका आणि फ्रान्स येथे झालेल्या ‘०७६’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत गर्भवतींना झिडोव्ह्युडिन हे औषध गरोदरपणी व प्रसूतीच्या वेळी आणि बाळाला जन्मानंतर सहा आठवडे देण्यात आले. औषध न घेतलेल्या गटात २५.५ टक्के बाळांना संसर्ग झाला, तर औषध घेतलेल्या गटात ८.३ टक्के बाळांना. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ही पद्धत खर्चिक आणि गुंतागुंतीची होती. शिरेतून औषध देण्याची सोय जेथे नाही तेथे ती अमलात आणणे अशक्यच होते. म्हणून औषधाची मुदत कमी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. थायलंडमध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांपुरते झिडोव्ह्युडिन देऊन संसर्ग सुमारे निम्म्यावर आला. युगांडातील चाचणीने १९९९ मध्ये याही पुढचे पाऊल टाकले. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एकच गोळी व जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाची एकच मात्रा, एवढ्यावर संसर्गाचे प्रमाण १३.१ टक्क्यांवर आले. तुलनेच्या गटात ते २५.१ टक्के होते.

भारतातही हाच क्रम दिसतो. २००० मध्ये निवडक रुग्णालयांतून झिडोव्ह्युडिनच्या व्यवहार्यतेचा अभ्यास सुरू झाला आणि पाठोपाठ नेव्हिरापिनच्या एका गोळीवर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम आकाराला आला. पुण्याचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याची जी चाचणी इथिओपिया, युगांडा आणि भारत या तीन देशांत झाली व २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचे भारतातील केंद्र पुणे हे होते.

या साऱ्या कालखंडात दुष्परिणामांची चर्चा झालीच नाही असे नव्हे. झिडोव्ह्युडिनमुळे होणारा रक्तक्षय, नेव्हिरापिनमुळे यकृताला होणारी इजा आणि एका गोळीनंतर विषाणूत निर्माण होणारा औषधविरोध, यांवर पुष्कळ लिहिले गेले. स्टॅव्ह्युडिन आणि डिडानोसिन ही औषधे एकत्र घेणाऱ्या काही गर्भवतींचा रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढून मृत्यू झाल्यानंतर २००१ मध्ये अमेरिकेत तसा इशाराही देण्यात आला. मूत्रपिंड मात्र या चर्चेत नव्हते. एका गोळीने मूत्रपिंड बिघडत नाही, आणि झिडोव्ह्युडिनचा मुख्य घातक परिणाम अस्थिमज्जेवर होतो. औषध थोड्या दिवसांचे, म्हणून प्रश्नही थोड्या दिवसांचेच विचारले गेले.

याशिवाय आणखी एक कारण होते, आणि ते अधिक जुने आहे. थॅलिडोमाइडच्या अनुभवानंतर अमेरिकी औषध प्रशासनाने १९७७ मध्ये प्रजननक्षम वयातील स्त्रियांना औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याचे धोरण स्वीकारले. ते १९९३ पर्यंत टिकले. गर्भवतींमधील प्रतिविषाणू औषधांच्या नोंदी ठेवण्याची व्यवस्था १९८९ मध्ये सुरू झाली खरी, परंतु तिचा मुख्य रोख बाळातील जन्मजात व्यंगांवर होता. गर्भवतीचे रक्षण करावे या हेतूने तिला चाचणीबाहेर ठेवले गेले आणि त्यामुळे तिच्याविषयीचे ज्ञानही बाहेरच राहिले. हेतू चांगला असला तरी किंमत तिलाच मोजावी लागली, असे म्हणणे भाग आहे.

टेनोफोविरचे आगमन

मूत्रपिंडाचा प्रश्न ज्या औषधामुळे पुढे आला त्याचा जन्म युरोपात झाला. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ अंतोनिन होली आणि बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील विषाणुशास्त्रज्ञ एरिक डी क्लर्क यांनी १९८० च्या दशकात विषाणूंच्या वाढीला अटकाव करणारी फॉस्फोनेट गटातील संयुगे शोधून काढली. याच कुळातून पुढे सिडोफोविर, ॲडेफोविर आणि टेनोफोविर ही तीन औषधे आली. अमेरिकेतील गिलियड या कंपनीने ती विकसित केली.

या कुळाचा स्वभाव आरंभापासून ठाऊक होता. १९९६ मध्ये मान्यता मिळालेले सिडोफोविर मूत्रपिंडाला इतके घातक होते की त्याच्यासोबत प्रोबेनेसिड हे औषध आणि शिरेतून मिठाचे पाणी देण्याची सक्ती होती. ॲडेफोविरची कथा याहून बोलकी आहे. एचआयव्हीसाठी त्याला मान्यता द्यावी काय, हा प्रश्न नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे आला, तेव्हा मूत्रपिंडावरील परिणामांमुळे समितीने प्रतिकूल मत दिले. त्याच औषधाला २००२ मध्ये हिपॅटायटिस-बी या आजारासाठी मान्यता मिळाली, परंतु रोज केवळ १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत. मधल्या काळात, ऑक्टोबर २००१ मध्ये, टेनोफोविर बाजारात आले. रोज ३०० मिलिग्रॅमची एक गोळी, रुग्णाला फारसा त्रास नाही आणि चाचण्यांत मूत्रपिंडाविषयी ठळक तक्रार नाही. कुळाचा दोष या धाकट्या भावंडात उतरलेला नाही, असा समज काही काळ झाला.

तो फार टिकला नाही. २००२ पासूनच टेनोफोविर घेणाऱ्या रुग्णांमध्ये फॅन्कोनी विकार आढळल्याची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. या विकाराची प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा गुंता तिच्यातूनच निर्माण होतो. मूत्रपिंडातील गाळण्या रक्त गाळतात आणि गाळलेल्या द्रवातून साखर, फॉस्फेट, अमिनो आम्ले, बायकार्बोनेट असे उपयुक्त घटक पुढच्या सूक्ष्म नलिका परत शोषून घेतात. टेनोफोविर शरीराबाहेर टाकण्याचे कामही काही अंशी याच नलिकांच्या पेशी करतात. त्या रक्तातून औषध आत ओढतात आणि मूत्रात सोडतात. आत येण्याची गती बाहेर जाण्याच्या गतीपेक्षा अधिक झाली की औषध पेशीत साचते आणि पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांना इजा करते. मग नलिकांची शोषणशक्ती मंदावते आणि शरीराला हवे असलेले घटक मूत्रावाटे वाहून जातात. फॉस्फेट सतत गळत राहिले की हाडे मऊ होऊ लागतात. या अवस्थेत गाळण्यांचे काम पुष्कळदा बराच काळ ठीक चालू असते, आणि म्हणून गाळण्यांची क्षमता सांगणारी रक्ततपासणी नलिकांचा बिघाड उशिराच दाखविते.

माकडांवरील प्रयोगांतूनही हेच सुचविले गेले होते. वाढत्या वयाच्या ऱ्हीसस माकडांना दीर्घकाळ मोठी मात्रा दिल्यावर नलिकांचा बिघाड आणि हाडांचे विकार दिसले. माणसाला दिली जाणारी मात्रा तुलनेने पुष्कळच लहान असल्याने हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नव्हते. माणसातही गंभीर बिघाड क्वचितच आढळतो आणि औषध वेळीच थांबविल्यास बहुधा सुधारतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. शिवाय एचआयव्ही स्वतःच मूत्रपिंडाचा शत्रू आहे. विषाणूमुळे होणाऱ्या मूत्रपिंडविकाराचे वर्णन अमेरिकेतून १९८४ मध्येच झाले होते. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत तो विशेष आढळतो, भारतीयांत विरळा. तेथे उपचारामुळे मूत्रपिंड बिघडण्यापेक्षा वाचण्याचाच संभव अधिक असतो.

भारताचा या औषधाशी आलेला संबंध दुहेरी आहे. येथील औषध कंपन्यांनी त्याच्या स्वस्त गोळ्या तयार केल्या, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी त्याच्या पेटंटला हरकती घेतल्या. २००९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने टेनोफोविरवरील अर्ज फेटाळले. आफ्रिकेतील आरोग्यकेंद्रांत पुढे जी गोळी पोहोचली ती बहुतांशी भारतात बनलेली होती.

मलावीचा निर्णय

२०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवतींसाठी ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पर्याय सुचविले. दोन्हींमध्ये आईला स्वतःसाठी आजन्म उपचार हवेत की केवळ बाळासाठी तात्पुरते, हे सीडी-४ पेशींच्या मोजणीवरून ठरवावयाचे होते. मलावीसारख्या देशात ही मोजणी करणारी यंत्रेच अपुरी होती. म्हणून त्या देशाने २०११ मध्ये स्वतःचा वेगळा मार्ग काढला. सीडी-४ कितीही असो, प्रत्येक बाधित गर्भवतीला आणि स्तनदा मातेला आजन्म उपचार सुरू करावयाचे, असा तो निर्णय होता. ‘ब-अधिक’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. त्यासाठी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेन्झ यांची दिवसाला एक अशी संयुक्त गोळी निवडली गेली. परिणाम विलक्षण होता. एका तिमाहीत उपचार सुरू करणाऱ्या गर्भवती व स्तनदा मातांची संख्या २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत १,२५७ होती. ती २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३ झाली.

या घटनेत एक विपरीतता आहे आणि तिची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. औषधांच्या चाचण्यांत जिचा क्रमांक सर्वांत शेवटी होता, ती गर्भवती मलावीच्या सरकारी यंत्रणेत टेनोफोविर मिळणाऱ्यांमध्ये सर्वांत पुढे आली. इतर रुग्ण तेव्हा बहुतांशी जुन्या स्टॅव्ह्युडिनवर होते.

२०१३ च्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने हीच एक गोळी सर्वांसाठी प्रथम पसंतीची ठरविली. टेनोफोविर सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासणे इष्ट, परंतु ती तपासणी नाही म्हणून उपचार अडवू नयेत, असा त्या वेळचा सल्ला होता. मोठे वय, मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्यांकडे अधिक लक्ष द्यावे, असेही सांगितले होते. युगांडा आणि झिंबाब्वेतील ‘डार्ट’ या मोठ्या चाचणीचा आधार या भूमिकेला होता. नियमित प्रयोगशाळा-तपासणीशिवायही उपचार सुरक्षितपणे देता येतात, असे त्या चाचणीने दाखविले होते आणि तिच्यातील बहुसंख्य रुग्ण टेनोफोविरवर होते. ज्या धोरणाचा उगमच एका तपासणीच्या अभावातून झाला, त्याला दुसऱ्या तपासणीसाठी थांबविणे कोणालाही शक्य नव्हते. थांबविले असते तर हजारो बाळे बाधित झाली असती. त्या काळापुरता निर्णय योग्यच होता असे मानावे लागते. भारताने २०१४ च्या आरंभापासून हेच धोरण स्वीकारले. येथील मार्गदर्शिकांत उपचाराच्या आरंभीच क्रिएटिनिनच्या तपासणीचा समावेश आहे.

पण बाळापुरते असलेले औषध आता आईचे आजन्माचे औषध झाले होते. एका गर्भारपणात सुरू झालेली गोळी पुढच्या गर्भारपणातही चालू राहणार होती. मूत्रपिंडाचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने उभा राहतो.

आकडा कोणाचा?

मूत्रपिंडाची क्षमता व्यवहारात रक्तातील क्रिएटिनिनवरून ठरविली जाते. त्यावरून गाळणक्षमता काढण्याचे जे सूत्र प्रतिविषाणू उपचारांत रूढ झाले ते कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडले. हे सूत्र २४९ रुग्णांच्या मोजमापांवर आधारलेले होते आणि त्यांपैकी ९६ टक्के पुरुष होते. स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणावे, ही सूचना त्यांच्या शरीरातील स्नायूंचे प्रमाण कमी असते या गृहीतकावरून केलेली होती. त्यात गर्भवतीचा विचार असण्याचे कारणच नव्हते.

गर्भारपणात मूत्रपिंडाचे काम कसे बदलते, याचे ज्ञान मात्र तेव्हा उपलब्ध होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉन डेव्हिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की गर्भधारणेनंतर पहिल्या काही आठवड्यांतच गाळणक्षमता वाढू लागते आणि ती सुमारे दीडपट होते. साहजिकच रक्तातील क्रिएटिनिन घटते. एरवी ०.६ ते १.१ मिलिग्रॅम असलेला आकडा गर्भारपणात साधारणपणे ०.४ ते ०.८ असतो. हे ज्ञान प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत राहिले आणि सूत्र एचआयव्हीच्या मार्गदर्शिकांत गेले. दोहोंची गाठ पडण्यास फार वेळ लागला.

याचा व्यावहारिक अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २५ वर्षांची, ५० किलो वजनाची स्त्री आहे आणि तिचे क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम आहे. सूत्राने तिची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ६८ मिलिलिटर येते. टेनोफोविरच्या बाबतीत सावधगिरीची मर्यादा ५० मानली जाते, म्हणजे ही स्त्री निर्धास्तपणे उपचारास पात्र ठरते. आता ती आठव्या महिन्यात आहे, वजन ६० किलो झाले आहे आणि क्रिएटिनिन तेवढेच आहे असे मानू. सूत्र आता ८१ हून अधिक आकडा देते. कागदावर तिचे मूत्रपिंड सुधारलेले दिसते. वास्तविक आठव्या महिन्यात क्रिएटिनिन १.० असणे हेच काळजीचे लक्षण आहे. निरोगी गर्भवतीचे ते ०.५ च्या आसपास असते. वाढलेले वजन गर्भाचे, पाण्याचे आणि नाळेचे आहे, स्नायूंचे नव्हे. सूत्राला तो भेद कळत नाही.

मूत्रतपासणीतही असाच घोटाळा आहे. फॅन्कोनी विकारात मूत्रात साखर येते, पण निरोगी गर्भवतीच्या मूत्रातही ती पुष्कळदा आढळते. मूत्रातून प्रथिने जात असतील तर पहिला संशय गर्भारपणातील उच्च रक्तदाबाच्या विकाराचा येतो, आणि तो यावयासच हवा. नलिकांच्या बिघाडात जाणारी लहान आकाराची प्रथिने साध्या पट्टीवर नीट उमटतही नाहीत. थकवा, पाय दुखणे, कंबर दुखणे ही लक्षणे तर प्रत्येक घरात गरोदरपणाच्या खात्यावरच मांडली जातात.

ही विसंगती मार्गदर्शिकेत मान्य करणाऱ्यांमध्ये दक्षिण आफ्रिकेचा उल्लेख केला पाहिजे. तेथे गर्भवतींसाठी सूत्र बाजूला ठेवून थेट क्रिएटिनिनचा आकडा पाहण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि लिटरला ८५ मायक्रोमोल, म्हणजे डेसिलिटरला सुमारे ०.९६ मिलिग्रॅम, ही मर्यादा ठरली. केपटाउनमधील अभ्यासांत उपचाराच्या आरंभी मूत्रपिंड बिघडलेल्या गर्भवतींचे प्रमाण अल्पच आढळले, ही दिलासा देणारी बाब होती. पुढे इंग्लंडमधील अभ्यासकांनी उपलब्ध संशोधनाचे एकत्रित परीक्षण करून गर्भारपणात ७७ मायक्रोमोलच्या वरचा आकडा असामान्य समजावा, असे सुचविले. म्हणजे ०.८७ मिलिग्रॅम. वरील उदाहरणातील स्त्री यांपैकी कोणत्याही कसोटीवर सामान्य ठरत नाही.

गोळी पुन्हा बदलली

गर्भवतींमध्ये टेनोफोविरची थेट तुलना करणारी मोठी चाचणी ‘प्रॉमिस’ ही होय. आफ्रिकेतील सहा देशांबरोबर भारतही तिच्यात होता आणि भारतातील केंद्र पुन्हा पुणे हेच होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन औषधांच्या उपचारात बाळाला संसर्ग ०.५ टक्के, तर मुख्यतः झिडोव्ह्युडिनवर आधारलेल्या पद्धतीत १.८ टक्के होता. मात्र टेनोफोविरयुक्त उपचार घेणाऱ्यांमध्ये ३४ आठवड्यांपूर्वीची प्रसूती ६ टक्के आढळली, झिडोव्ह्युडिनयुक्त तीन औषधांच्या गटात ती २.६ टक्के होती. अर्भकमृत्यूंतही तसाच फरक दिसला. त्याचे कारण औषधाचे संयोजन होते की अन्य काही, याविषयी बराच वाद झाला. मूत्रपिंडाशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही.

त्यानंतर दोन बदल झाले. टेनोफोविरचे अलाफेनामाइड हे नवे रूप २०१५ पासून वापरात आले. ते अत्यल्प मात्रेत पुरते, रक्तातील टेनोफोविरची पातळी त्यामुळे सुमारे ९० टक्क्यांनी कमी राहते आणि नलिकांवरील भारही तेवढाच घटतो. भारतासह नऊ देशांतील ६४३ गर्भवतींवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोल्युटेग्राव्हिरसोबत हे नवे रूप घेणाऱ्यांमध्ये गर्भारपणाचे प्रतिकूल परिणाम २४ टक्के, तर जुने रूप घेणाऱ्यांमध्ये ३३ टक्के आढळले.

दुसरा बदल डोल्युटेग्राव्हिरचा. बोत्स्वानातून २०१८ मध्ये आलेल्या जन्मजात व्यंगाच्या शंकेने या औषधाचा प्रसार काही काळ अडखळला. पुढील आकडेवारीने ती शंका निवळली आणि २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवतींसह सर्वांसाठी ते पसंतीचे ठरविले. त्याच्या जोडीला बहुतेक ठिकाणी टेनोफोविरचे जुनेच रूप आहे. डोल्युटेग्राव्हिर मूत्रपिंडाला इजा करीत नाही, परंतु नलिकांतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याच्या क्रियेला अटकाव करते. त्यामुळे गाळणक्षमता तीच राहूनही रक्तातील क्रिएटिनिन साधारण ०.१ मिलिग्रॅमने वाढलेले दिसते.

म्हणजे आता त्या एका आकड्यावर तीन गोष्टींचा परिणाम होतो. गर्भारपण तो खाली ओढते, डोल्युटेग्राव्हिर तो किंचित वर नेते आणि टेनोफोविरमुळे खरोखरच बिघाड झाला तर तोही त्याच दिशेने वर जातो. यांतील कोणत्या कारणाने आकडा हलला, हे ठरविण्यासाठी गर्भधारणेपूर्वीचा आकडा माहीत असणे सर्वांत उपयोगाचे असते. भारतातील असंख्य स्त्रियांना आपल्याला एचआयव्हीची बाधा आहे हे प्रथम कळते ते गरोदरपणातील तपासणीतच. त्यांच्या आयुष्यातील क्रिएटिनिनची पहिली नोंद पुष्कळदा त्याच आठवड्यात होते आणि तिच्या मागे तुलनेला दुसरी नोंद नसते.